हात धरणारी

चांगुणाबाईच्या कामाला नेहमी दोन बायका लागत. एक ती स्वतः आणि दुसरी हात धरणारी.

अंग चोळून घेणारीला न्हाणीत पाटावर बसवायचं, तिचे दोन्ही हात पुढं ताणायचे आणि समोर घरातलीच एखादी ताकदीची बाई बसवून तिला मनगटं घट्ट धरायला सांगायचं. मग चांगुणाबाई करडईचं कोमट तेल घेऊन मागून पाठीला भिडायची. हात धरणारी नसली की चोळून घेणारी अंग चोरते, गाठीवर आलेला अंगठा निसटतो आणि सारी मेहनत वाया जाते, असं तिला सासूनं शिकवलं होतं. "कळ उठली म्हंजी हात बसला," सासू म्हणायची. बीदरकडच्या चिटगुप्प्यात आणि आसपासच्या खेड्यांत चांगुणाबाईनं चाळीस वर्षं ह्याच एका वाक्यावर काढली. किती बाळंतिणी उभ्या केल्या, किती जणींची उसण काढली, किती जणींच्या आखडलेल्या माना सोडवल्या, त्याची गणती तिच्याकडं नव्हती. बाईचा चेहरा ती विसरायची, पाठ नाही. बाजारात पाठमोरी बाई दिसली की म्हणायची, "ही तर तेल्याच्या बोळातली. डाव्या खांद्यात गाठ हाय हिच्या."

ज्या घरांत तिच्या सासूला मागच्या दारानं जावं लागे, त्या घरांत तिला आता पुढच्या दारानं बोलावत. चहाही देत. काही घरांत कप अजून वेगळा असे आणि तिला तो बरोबर ओळखू येई. आपण पाठ बघायला आलो, कप नाही, असं स्वतःशी म्हणत चहा पिऊन टाकी.

मार्च सरता सरता नरहररावांच्या घरून तिला बोलावणं आलं. नरहरराव हायस्कूलचे निवृत्त मास्तर. त्यांची बायको शारदाबाई शिकलेली, बी. ए. झालेली, पण काळजीनं कायम अर्धी झालेली बाई. त्यांची एकुलती एक लेक हर्षिता गुलबर्ग्याला दिलेली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, फेब्रुवारीत मुलगी झाली आणि तेव्हापासून तिचे हात चालेनात. मनगटापासून खांद्यापर्यंत कळा यायच्या. बाळ उचलायला गेली की हातांतलं बळ एकदम जायचं. एकदा बाळ निसटता निसटता राहिलं, तेव्हापासून तिनं ते उचलणंच सोडलं होतं. ती कुशीवर निजायची, शारदाबाई बाळ तिच्या छातीशी धरायच्या, तेवढंच दूध पाजणं.

"सगळे फोटो काढून झाले, चांगुणाबाई," शारदाबाई न्हाणीच्या दारातच सांगू लागल्या. "मानेचा, खांद्याचा, रक्ताच्या तपासण्या. काही म्हणजे काही निघत नाही. डॉक्टर म्हणतात, कमजोरी आहे. आणि अक्षय्य तृतीयेला तिकडची माणसं न्यायला येणार. तिच्या सासूबाईंनी फोनवर सांगूनच टाकलंय, आई उचलत नसेल तर लेकरू आम्ही नेतो, तिला राहू दे तुमच्याकडं बरी होईपर्यंत. बाळ गेलं ना, तर ही काही परत उठायची नाही हो."

"जाऊ द्या अक्का, रडू नका. महिना हाय आपल्या हातात," चांगुणाबाई म्हणाली. "फोटूत हाड दिसतंय, शीर दिसत न्हाई. बगू आपण."

हर्षिता येऊन पाटावर बसली. सव्वीस वर्षांची, लांब मानेची पोर. खांदे कानांकडं चढलेले. चांगुणाबाईनं तेलाची वाटी उचलली आणि हात अजून पाठीपासून वीतभर लांब असतानाच ती पाठ ताठ झाली. हे तिनं पाहिलं. पाहून मनात म्हणाली, थंडी वाजली असंल. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"हात धरायला कोण बसतंय?"

"मीच बसते," शारदाबाई म्हणाल्या.

त्या समोर बसल्या, लेकीची मनगटं धरली. चांगुणाबाईचा अंगठा खांद्याच्या फऱ्याखाली गेला. तिथं सुपारीएवढी गाठ होती. तिनं दाब दिला. हर्षितानं एकदा जोरात अंग मागं ओढलं, "नको, नको, सोड आई," म्हणाली.

"सोडू नका अक्का, गाठीवर आलाय हात."

शारदाबाईंनी आणखी घट्ट धरलं. मग हर्षिता गप्प झाली. गप्प झाली आणि तिची पाठ हळूहळू सैल पडली, मऊ झाली. खाली घातलेल्या मानेनं ती आईच्या हातांकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. शारदाबाईंना वाटलं, रामरक्षा म्हणतेय. लहानपणी परीक्षेला जाताना म्हणायची. त्यांना बरं वाटलं.

"बगा, कशी मोकळी झाली पाठ," चांगुणाबाई घाम पुसत म्हणाली. "बसला हात."

चहा आला तो घरच्या कपात आला.

दुसऱ्या दिवशी हर्षिताला केस विंचरायला हात वर नेता येईना. चांगुणाबाई म्हणाली, असंच असतं, आधी दुखणं वर येतं मग जातं. तिसऱ्या दिवशी हर्षितानं बाळाकडं पाठ केली ती केलीच. शारदाबाईंनी बाळ मागून टेकवलं तेव्हा ती भिंतीला आणखी चिकटली. चांगुणाबाईनं जोर वाढवला. गुण कामून येईना, चाळीस वर्षांत आपल्या हाताला कोणी असं हटकलं नव्हतं, ह्याचाही राग त्या जोरात थोडा होता. हर्षिता आता "नको"ही म्हणत नव्हती. बसली की मान खाली घालायची, ओठ हलायचे, पाठ सैल व्हायची.

पाचव्या दिवशी चोळता चोळता चांगुणाबाईच्या पायाला ओल लागली. तेल सांडलं म्हणून तिनं वाटी पाहिली. वाटी भरलेली होती. पाटाखालून पाण्याचा ओघळ मोरीकडं चालला होता. ते पाणी नव्हतं. हर्षिताला त्याची शुद्धच नव्हती. ती तशीच बसून होती, डोळे आईच्या हातांवर.

"सोडा," चांगुणाबाई म्हणाली. "अक्का, हात सोडा तिचे."

शारदाबाईंनी सोडलं. हर्षिताचे हात सोडले तरी तसेच पुढं राहिले, कोणी धरून ठेवल्यासारखे.

चांगुणाबाईनं गरम पाणी काढलं, शारदाबाईंना बाहेर पाठवलं आणि लांब बसून हर्षिताला एकेक तांब्या स्वतःच्या हातानं घ्यायला लावला. मग हर्षिता पहिल्यांदा आपणहून बोलली, तेही मोरीकडं बघून.

"दोघींनी हात धरले होते. तिसरी पोटावर कोपर दाबत होती. मी म्हणत होते, टाके घालताना कळतंय मला, सगळं कळतंय. त्या म्हणाल्या, गप्प पड, तूच काय जगावेगळी बाळंत होतेस."

चांगुणाबाई बाहेर आली तेव्हा शारदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "मी तिथं दाराबाहेरच होते हो," त्या म्हणाल्या. "ओरडत होती ती. मला वाटलं, ओरडणारच. आणि आता इथं मीच..." आणि त्यांनी आपले हात पदराखाली घेतले.

चांगुणाबाईनं ही गोष्ट गल्लीतल्या पंचशीलाला सांगितली. पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स, तोंडानं फटकळ.

"काकू, तुम्हाला वाटलं पाठ मोकळी झाली?" ती म्हणाली. "कुत्र्याच्या तोंडी सापडलेलं कोंबडीचं पिल्लू बघितलंय का? तेबी असंच सैल पडतंय. त्याला बरं वाटायलंय म्हणून नव्हं."

"पर दुखणं तर हातात हाय ना गं तिच्या? सोंग न्हाई ते."

"सोंग कोण म्हणतंय? खरंच दुखायलंय. अंगानं एकदा मार खाल्ला की ते पहारा द्यायला बसतंय. कोणी हात धरला की त्याला वाटतंय, आले पुन्हा तेच. मग तुम्ही जितका जोर कराल तितकी कळ. बीदरला मनाचे डॉक्टर हायत, त्यांच्याकडं न्या म्हणावं. आणि तुम्ही चोळायचं असंल तर तिला विचारून चोळा. नक्को म्हणली की हात उचलायचा. धरायचं तर अजिबात न्हाई."

चांगुणाबाईनं हे नरहररावांच्या कानावर घातलं. पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "मनाचे डॉक्टर? म्हणजे पोर वेडी झाली असं जावयाच्या घरी आपणच कळवायचं? हात दुखतात तिचे. हाताचं बघा तुम्ही." आणि पेपर पुन्हा उघडला.

पुढच्याच आठवड्यात भीमजयंती आली. चांगुणाबाईची लेक मंगल दरवर्षी त्या दिवशी हैदराबादहून यायची. नवऱ्याला सोडून बारा वर्षं झाली होती, तिथं एका कंपनीत पॅकिंगला होती. यायची, मिरवणुकीत चालायची, आईच्या हातचं जेवायची आणि दुसऱ्या दिवशीची बस धरायची. आईशेजारी बसली तरी मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडायची. चांगुणाबाईला वाटायचं, शहरात राहून पोर अशी झाली.

त्या दिवशी दुपारी मंगल भाकरीचं पीठ मळत होती. चांगुणाबाई उंबऱ्यात बसून तिची पाठ बघत होती. गावातल्या साऱ्या पाठी ठाऊक असलेल्या बाईला ही एक पाठ बारा वर्षांत हाताला लागली नव्हती.

"मंगल, तुला ध्यानात हाय का? सोडून यायच्या आदल्या साली आलती तू, पाठ धरली म्हणून. मी चोळली व्हती. मोठ्या काकीनं हात धरले व्हते."

मंगलचे हात पिठात थांबले.

"काकीच्या उजव्या हातात सात बांगड्या व्हत्या. डाव्यात आठ," ती म्हणाली. "हिरव्या. मोजायलते मी."

"कामून मोजायलतीस?"

"दुसरं काय करू? तिकडं तो हात पिरगाळून धरायचा आन् त्याची माय मारायची. इथं काकीनं धरले आन् तू दाबायलीस. मी नक्को नक्को म्हणलं, तर तुम्ही दोघी हसलात. म्हणलात, लाडाची लेक हाय, जरा बी सोसत न्हाई."

"आगं, मला सांगायचं न्हाईस का?"

"सांगणारच व्हते. पर तू म्हणलीस, आता मोकळी झाली बघ पाठ, जा सुखानं नांदायला. मग काय सांगायचं?" मंगलनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. "आन् तुला काय कमी पाठी ठाऊक हायत, आई? माझीच तेवढी कळली न्हाई का?"

चांगुणाबाई उठून लेकीकडं गेली, हात पुढं केला. मंगल सहज सरकावी तशी चुलीकडं सरकली. "भाकरी करपंल," म्हणाली. तव्यावर अजून भाकरी पडलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल बसनं गेली आणि चांगुणाबाई थेट नरहररावांच्या घरी आली. न्हाणी नको म्हणाली. हर्षिताच्या खोलीत, दार उघडं ठेवून, तिच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"पोरी, मी चुकले. मागून हात लावायची न्हाई. धरणारी कोणी न्हाई. तू बस म्हणलीस की बस. लावू का पायाला?"

हर्षितानं पाय चादरीत ओढून घेतले. चांगुणाबाई अर्धा तास बसली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हर्षितानं चादरीतून एक पाऊल बाहेर काढलं.

चांगुणाबाईनं तळव्याला तेल लावलं. चार वेळा बोट फिरतं न फिरतं तोच "बस" आलं. चांगुणाबाईनं हात उचलला आणि वर धरून ठेवला, तिला दिसेल असा. थोड्या वेळानं हर्षिता म्हणाली, "लावा." पुन्हा "बस." पुन्हा हात वर. कधी कधी पोर नुसतं बघायला म्हणून "बस" म्हणते, हे चांगुणाबाईला कळत होतं. ती दर वेळी थांबत होती.

आठवडाभरात घोट्यापर्यंत हात गेला. पिंढरीवर एकदा गेला आणि लगेच परत आला. पण हर्षिता एकदा बोलली. म्हणाली, "तुमचा अंगठा वाकडा आहे." चांगुणाबाई म्हणाली, "साऱ्या गावाच्या गाठींनी वाकवला बग," तेव्हा ती ओठांच्या एका कोपऱ्यात हसली. त्या दिवशी तिनं बाळाच्या टाळूवर दोन बोटं ठेवली. शारदाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि त्यांनी कॅलेंडर बघितलं. अक्षय्य तृतीयेला चार दिवस होते.

"अजून पंधरा दिवस मागून घ्या," चांगुणाबाई म्हणाली. "न्हाईतर महिना. घोट्यापातूर आलोय आपण. हात लई लांब हाय अजून."

शारदाबाईंनी फोन केला. विजयेंद्र, त्यांचा जावई, बिचारा मऊ बोलला, आईला विचारतो म्हणाला. पलीकडून आईचाच आवाज आला, "मुहूर्त बघितलाय, पूजा ठरलीय. आम्ही काय तोडायला येतोय का? बघू की उचलते का ती. उचललं तर आनंदच आहे."

ते आले. गाडीतून आंब्यांची पेटी उतरली, बाळाला चांदीचे वाळे आले. विजयेंद्र हर्षिताच्या दाराशी उभा राहून, "बरी आहेस का?" एवढं विचारून चप्पल काढत राहिला. त्याची आई काही वाईट बाई नव्हती. चार बाळंतपणं तिनं स्वतः निभावली होती, तिच्या लेखी हात दुखणं म्हणजे सवयीचा प्रश्न होता.

"ये गं हर्षिता, बस इथं," ती सोफ्यावर हात आपटत म्हणाली. "भीती चेपली की सगळं जमतं. मी आहे ना."

हर्षिता येऊन बसली. चांगुणाबाई मधल्या दारात उभी होती. तिनं पाहिलं, खांदे जरा चढले आहेत, पण पोर श्वास घेतेय. बाळाकडं बघतेय. शारदाबाईंनी बाळ मांडीवर ठेवलं. हर्षिताचे हात हळूहळू उठले. कोपरापर्यंत उठले. बाळाच्या काखेपाशी आले आणि कळ आली असावी, कारण तिनं ओठ चावला. पण हात मागं घेतले नाहीत.

"अगं असं नव्हे, असं धर, घट्ट," सासू म्हणाली आणि तिनं वाकून हर्षिताची दोन्ही मनगटं पकडली, बाळाभोवती बसवायला.

"सोडा!" चांगुणाबाई ओरडली. "अक्का, सोडा, धरू नका तिला!"

"ही कोण? मला शिकवते?" सासूनं मान वळवली, पण हात सोडले नाहीत. "बघा, बघा, धरलं की नाही तिनं? उगीच बाऊ केला होता तुम्ही."

हर्षिताचे खांदे खाली आले. पाठ मऊ झाली. तिची मान वाकली, डोळे सासूच्या मनगटांवर गेले आणि ओठ हलू लागले. शारदाबाई दोन पावलांवर होत्या. ह्या वेळी त्यांना ऐकू आलं. रामरक्षा नव्हती. "पाच... सहा... सात..."

सासूनं हात काढले. हर्षिताचे हात बाळाभोवती तसेच राहिले, क्षणभर, आणि मग दोरी तुटावी तसे पडले. बाळ मांडीवरून घरंगळलं. विजयेंद्रनं झेप घेऊन झेललं. काही लागलं नाही, पण ते किंचाळून रडू लागलं आणि सासूनं ते त्याच्या हातून आपल्याकडं घेतलं.

चार वाजता गाडी बाळाला घेऊन गेली. दूधपावडरचा डबा वाटेत हुमनाबादला घेऊ, असं विजयेंद्र दोनदा म्हणाला. नरहरराव फाटकापर्यंत गेले आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिथंच उभे राहिले. घरात आल्यावर त्यांनी बीदरच्या त्या डॉक्टरांचा नंबर मागितला. चांगुणाबाईनं पंचशीलाकडून आणून दिला. पण आता हर्षिताच उठेना. गाडीत बसवायचं तर तिला धरून बसवावं लागणार होतं, आणि धरायचं कोणी?

तिसऱ्या दिवशी तिची छाती दुधानं दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. पंचशीलानं तापाच्या गोळ्या दिल्या. आजूबाजूच्या बायकांनी सांगितला तो जुना उपाय, मोगऱ्याची फुलं छातीला बांधायची, दूध आटतं. शारदाबाई बाजारात गेल्या. फूलवालीनं गजरे मापता मापता हसून विचारलं, "एवढा मोगरा! काय अक्का, घरात लगीन हाय का?" शारदाबाई "हो" म्हणाल्या.

चांगुणाबाई फुलं घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली.

"पोरी, बांधू का?"

हर्षितानं मान हलवली. नाही.

"मी बांधू, राजा?" शारदाबाईंनी विचारलं.

हर्षितानं आपले दोन्ही हात काखेत लपवले.

चांगुणाबाईनं फुलं आणि मऊ धोतराची पट्टी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि दार लोटून घेतलं. दोघी बाहेर थांबल्या. आतून बराच वेळ कापडाची सळसळ येत राहिली. पट्टीची गाठ पाठीमागं मारावी लागते आणि हर्षिताचे हात तिथवर जाणारे नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं. मग सळसळ थांबली. मोगऱ्याचा वास दाराच्या फटीतून घरभर पसरला.

"आता उद्यापासून तुम्हाला कशाला त्रास," शारदाबाई हळूच म्हणाल्या. "पायालासुद्धा नको म्हणतेय ती."

"हात न्हाई लावायची," चांगुणाबाई म्हणाली. "नुसती बसते हितं. चालतंय ना?"

"बसा."

शारदाबाईंनी आतून एक चटई आणून अंथरली. त्या दाराच्या एका बाजूला बसल्या, चांगुणाबाई दुसऱ्या बाजूला. दोघींनीही आपापले हात मांडीवर उपडे ठेवले होते.